मदत हवी आहे: लोगो आणि रंग बदलतोय, २१० जणांचे युनिफॉर्म नव्याने करायचेत

पुण्याजवळचा दुग्धपदार्थांचा प्लांट. पाडव्याला नवा लोगो, नव्या पाट्या, नव्या रंगाच्या गाड्या. हातात १४ आठवडे आहेत. डिलिव्हरीला १२० जण, प्लांटमध्ये ६०, काउंटर आणि ऑफिस मिळून ३० (त्यात १८ बायका). माणशी तीन जोड.

डिझाइन एजन्सीने सगळ्यांना एकच मोरपंखी शर्ट काढून दिलाय: पाठीवर मोठा पांढरा लोगो, छातीवर मराठीत नाव, कॉलरला केशरी पट्टी. स्क्रीनवर झकास दिसतंय. पण कापड कुठलं घ्यावं, हा रंग धुण्यात टिकेल का आणि ऑर्डर कशी फोडावी, हे ठरत नाहीये. जाणकारांनी सांगावं.

तागेवाला:
आधी हिशेब करा, मग रंगाचं बोलू. काउंटर-ऑफिसचे ९० नग म्हणजे ५८ इंची पन्ह्याचं जेमतेम दीडशे मीटर कापड. एवढ्यासाठी कुठली मिल तुमच्या शेडमध्ये शर्टिंग रंगवून देणार नाही, आणि कोणी दिलंच तर पुढच्या वर्षी दहा शर्टांसाठी तोच रंग मिळणार नाही. तिथे मिलच्या चालू शेडकार्डातला ऑफ-व्हाइट किंवा राखाडी घ्या, पॉली-कॉटन ६५/३५ (पॉलिस्टर ६५, कॉटन ३५). मोरपंखी फक्त आतल्या कॉलरपट्टीला आणि काजपट्टीला. ब्रँडचा रंग दिसतो आणि रिपीट ऑर्डर अडत नाही.

डिलिव्हरीला शर्ट नको, पोलो टी-शर्ट द्या. पिके निट (बारीक जाळीच्या विणीचं होजिअरी कापड), २३० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), कॉटन ६० : पॉलिस्टर ४०. नगाला साधारण ३३० ग्रॅम कापड धरा. ३६० नग आणि ३० जादा मिळून १२९ किलो होतात, म्हणजे एक छोटा डाय-लॉट (एकदम रंगवायची खेप) नीट भरतो. मोरपंखी रंगवायचा तर इथेच. सगळं एकाच लॉटमध्ये घ्या, आणि रिपीटसाठी २० किलो त्याच घाण्यात जादा रंगवून ठेवा.

कॉलर आणि बाहीची पट्टी वेगळ्या मशीनवर विणून येते. ती कापडाबरोबर त्याच बाथमध्ये (रंगाच्या पाण्यात) टाकली नाही तर कॉलर एका रंगाची, अंग दुसऱ्या रंगाचं. ते जमणार नसेल तर सरळ गडद राखाडी कॉलर घ्या. फरक मुद्दाम केलेला दिसला की तो चूक वाटत नाही.

मोरपंखीचा त्रास असा, की कॉटनच्या बाजूला त्यात टर्कॉइज निळा रंग पडतो. त्याचा रेणू मोठा, धाग्यात नीट मुरत नाही, सुटा रंग धुऊन काढायलाही वेळ लागतो. डायरने घाईत सोपिंग (साबणाच्या पाण्यात सुटा रंग काढणं) उरकलं की पहिल्या तीन धुण्यांत बनियन निळे. म्हणून रंग किती पक्का याचा लॅब-रिपोर्ट मागा, पाचपैकी गुण असतात: धुण्याला किमान ४, कोरड्या घासण्याला ४, ओल्याला ३. "साहेब, पक्का रंग आहे" हा रिपोर्ट नव्हे.

एजन्सीने पॅन्टोनचा (रंगांना नंबर देणारी शेडकार्ड कंपनी) जो नंबर दिला असेल तो बहुधा कागदाचा, शेवटी 'सी' असलेला. कापडासाठी टीसीएक्स नंबर मागून घ्या. लॅब-डिप (डायरने रंगवलेले नमुन्याचे तुकडे) तीन येतील, ए, बी, सी. ते दिवसाच्या प्रकाशात आणि दुकानातल्या ट्यूबखाली, दोन्हीकडे पाहा. मोरपंखी ट्यूबखाली हिरवट पडतो आणि मग सगळे शिंप्याला दोष देतात. पास केलेल्या तुकड्याचे तीन भाग करून सह्या करा: एक तुमच्याकडे, एक डायरकडे, एक शिलाईवाल्याकडे.

सुईदोरा:
छातीवरच्या मराठी नावाबद्दल कोणीच बोललं नाही, तिथेच घोळ होतो. इंग्रजी लोगोची डिजिटायझिंग फाइल (भरतकामाच्या मशीनला टाके सांगणारी) करणारे देवनागरीला हात घालतात तेव्हा शिरोरेषा सॅटिन (दाट, आडव्या) टाक्यात एकसलग ओढतात. निटवर ती रेषा कापड आवळते आणि दोन धुण्यांत नावाखाली चुण्या. शिरोरेषा अक्षरागणिक तोडून, खाली आधाराचे टाके घेऊन भरायला सांगा. अक्षराची उंची मात्रा-वेलांटी सोडून ७ मिमीच्या खाली नको. अनुस्वाराचा टिंब दीड मिमीपेक्षा बारीक असला तर टाका बसतच नाही, नुसती गाठ राहते. 'ळ' आणि 'क्ष' यांची भोकं बुजतात, ती फाइलमध्ये थोडी उघडावी लागतात.

पिकेच्या जाळीत टाके बुडतात, म्हणून वर पाण्यात विरघळणारी फिल्म आणि खाली कात्रीने कापायचं बॅकिंग (कापडामागचा आधाराचा थर). फाडायचं बॅकिंग निटला चालत नाही, ते निघालं की आधार गेला. दोरा पॉलिस्टरचा, ४० नंबर. रेयॉन चकाकतो खरा, पण ब्लीचमध्ये केशरीचा पिवळा होतो. भाव हजार टाक्यांवर ठरतो. ८ सेंमी रुंद लोगोला साधारण ६ ते ८ हजार टाके जातात. आधी त्याच कापडावर एक नग भरून, पाच वेळा धुऊन पाहा.

पाठीवरचा मोठा पांढरा प्रिंट काढूनच टाका. कापडात पॉलिस्टर आहे, त्यामुळे हीट ट्रान्सफरच्या उष्णतेने खालचा रंग वर चढतो आणि पांढरा लोगो आठवड्यात फिका निळसर होतो. रंग अडवणारा थर असलेलं ट्रान्सफर मिळतं, पण ते जाड, खाली घाम धरणारं. शिवाय पाठीवर डिलिव्हरीची बॅग असते. लोगो दिसत नाही, वर घासून सोलतो. तो बॅगेवर छापा.

मापात पाप:
व्हॉट्सॲपवर फॉर्म टाकून "तुमची साइज लिहा" करू नका. निम्मे लोक दहा वर्षांपूर्वीची साइज लिहितात. शिलाईवाल्याकडून ३६ ते ४८ चा ट्रायल सेट आणा, प्रत्येक साइजचे दोन नग, आणि प्रत्येकाला अंगावर घालून हात वर करायला लावा. पोलो कमरेतून बाहेर आला तर लांबी कमी आहे. क्रेट उचलणाऱ्याला तीच अडचण दिवसभर.

बायकांसाठी पुरुषांचा 'स्मॉल' देऊ नका. पॅटर्न वेगळा लागतो: खांदा अरुंद, छातीला टक, नितंबाला घेर. १८ जणींना शर्ट की कुर्ता हे आधी विचारा. पँटची खालची दुमड मोकळी ठेवून घ्या, उंचीप्रमाणे नंतर मारता येते. जादा नग मधल्या साइजचे ठेवा, ८ टक्के पुरतात. ४६-४८ माणूस बघूनच.

कापण्याआधी कापड आटतं किती ते बघा. ५० सेंमीचा चौकोन आखा, तीन वेळा धुवा, परत मोजा. अडीच सेंमीहून जास्त आटलं तर कापड परत.

प्लांटच्या ६० जणांना या ब्रँडिंगमधून वगळा. तिथे पांढरं किंवा फिकं, म्हणजे मळ दिसतो. कमरेच्या वर खिसा नाही, बटणांऐवजी प्रेस बटण, नाव छापील. भरतकामाचा सुटा धागा दह्यात गेला तर ब्रँड बुक कोणी विचारत नाही. क्लोरीनने धुवायचं असल्याने मोरपंखी पायपिंगही नको.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. एजन्सीला पोलो, राखाडी कॉलर आणि बिनप्रिंटची पाठ कळवतोय. दोन शंका: १४ आठवडे पुरतील? आणि जुन्या युनिफॉर्मचं काय करायचं?

तागेवाला:
पुरतील, पण मोकळा आठवडा एकच. लॅब-डिप आणि मापं दोन-तीन आठवडे, कापड चार, प्रत्यक्ष कापडावर लोगोसह एक पूर्ण नमुना एक, शिलाई आणि भरतकाम चार, नावानिशी पिशव्या भरणं एक. शेड एकदा नापास झाली की दहा दिवस गेले. तसं झालं तर पाडव्याला फक्त काउंटर आणि ऑफिस नव्या कपड्यांत आणा. डिलिव्हरी पंधरा दिवसांनी एकदम. अर्धे जुने अर्धे नवे असं करू नका.

जीएसटीचं एक: २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १८. पोलो-पँट आरामात आत बसतात, पावसाळी जॅकेटचा भाव तेवढा बघा.

मापात पाप:
जुना एक जमा, तर नवा एक हातात. डिलिव्हरीचा जुना शर्ट भंगारात अखंड गेला तर तो घालून कोणीही सोसायटीच्या गेटातून आत जाऊ शकतो. लोगो कापून काढा, मग राहिलेलं गाड्या पुसायला द्या. कापलेले लोगो मोजा, आकडा जमा नगांशी जुळला पाहिजे.