मदत हवी आहे: टॉर्शचा तो 'बॉम्ब' आवाज गिटारवर कसा काढायचा?

मंडळी, मायामीच्या टॉर्श बँडचा 2008 सालचा 'मिअँडरथल' हा अल्बम महिनाभर माझ्या कानांतून जात नाहीये. स्लज मेटलचा (हेवी मेटलचा एक प्रकार) चिखलासारखा जड, दाट आवाज आणि त्यावर गायक-गिटारवादक स्टीव्ह ब्रूक्सचं मोकळं, सुरेल गाणं. गुरगुरणं नाही, पाल्हाळ नाही. एकदा ऐकलं की चाल तोंडात बसते. इतका जड आवाज आणि इतका आनंद एकत्र मी तरी आधी ऐकला नव्हता.

आता अडचण. ब्रूक्स सगळ्यात जाड तार इतकी सैल सोडतो की छेडल्यावर सूर न येता स्फोट झाल्यासारखा धडाका होतो. हाच तो 'बॉम्ब'. त्याच्या आधीच्या फ्लोर बँडपासूनची ही युक्ती. मी तसं केलं, तर तार फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) नुसती खडखडते, आणि तरंगत्या ब्रिजमुळे (तारा धरणारा, स्प्रिंगवर हलणारा भाग) बाकीच्या तारांचं ट्यूनिंगही हलतं.

माझी गिटार 25.5 इंच स्केलची (नट ते ब्रिज तारेची लांबी), सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार 0.052 इंचाची. 0.062 ची लावली तर नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) खाच घासावी लागेल का? ब्रिज कायमचा अडवून टाकू का? शिवाय फझ पेडल (आवाज खरखरीत, फाटका करणारं पायाने चालवायचं उपकरण) हवंच, की अँपचं डिस्टॉर्शन पुरेल? कुणी इतक्या खालच्या ट्यूनिंगवर वाजवत असेल तर कृपया सविस्तर सांगा.