मदत हवी आहे: मॅक्रोत ‘खाली’ तीनदा, टीव्ही घेतो एकदाच

उंबरठा
युनिव्हर्सल रिमोटवर मॅक्रो बसवतोय, म्हणजे एक बटण दाबलं की ठरवलेली बटणं ओळीने आपोआप जातात. मेनू, खाली, खाली, खाली, ओके, उजवीकडे, ओके. टीव्ही ‘खाली’ एकदाच घेतो आणि पुढची बटणं भलतीकडेच लागतात. काल मेनूची भाषाच बदलली. मूळ रिमोटने हेच सगळं बिनचूक होतं. आईसाठी करतोय. तिला मेनूतली अक्षरं आता दिसत नाहीत, त्यामुळे एका बटणात आवाज संवादाच्या मोडवर आणि चित्र जास्त उजळ व्हायला हवं. दोन बटणांमधला वेळ वाढवून पाहिलाय, तो सल्ला नको. कोणी केलं असेल तर लवकर सांगा.

तरंगलांबी
टीव्ही कुठला, रिमोट कुठला? आणि बटणांचे कोड युनिव्हर्सल रिमोटमधल्या तयार यादीतून घेतलेत की मूळ रिमोट समोर धरून शिकवलेत? हे कळल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही.

उंबरठा
शिकवलेत. मूळ रिमोटने टीव्ही नीट चालतो म्हटलं ना, मग टीव्हीचा काय संबंध?

खटपट्या
युनिव्हर्सल रिमोटचा नाद सोडा. ईएसपी३२चा बोर्ड (प्रोग्रॅम टाकता येतो असा छोटा सर्किट बोर्ड) घ्या, त्याला इन्फ्रारेड एलईडी आणि एक ट्रान्झिस्टर जोडा. मी तसंच केलंय. मोबाइलवर एक बटण दाबलं की टीव्ही, साउंडबार, पंखा सगळं चालतं. दोन तासांचं काम आहे.

आजोळ
खटपट्या, त्यांच्या आईंना अक्षरं दिसत नाहीत. मोबाइलच्या काचेवरचं बटण त्या शोधणार कशा? त्यांना बोटाला जाणवेल असंच बटण हवं.

खटपट्या
मग बोर्डालाच एक मोठं बटण जोडायचं. अडचण काय आहे?

निळा_दिवा
रिमोटच्या पुढचा दिवा लागतोय का ते आधी बघा. मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरून बटण दाबलं की पडद्यावर जांभळट उजेड दिसतो. पुढच्या कॅमेऱ्याने बघा, मागच्याला बऱ्याचदा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो. दिवा मंद असेल तर सेल बदला, पट्ट्यांवरचा गंज काढा.

उंबरठा
दिवा लागतो. एक ‘खाली’ पोचतं, मेनू पोचतो, ओके पोचतं. मधली दोन ‘खाली’ जात नाहीत, एवढाच प्रश्न आहे.

सातवा_मजला
नव्या टीव्हींचे रिमोट ब्लूटूथवर चालतात. ते शिकवताच येत नाहीत, फक्त चालू-बंदपुरतं इन्फ्रारेड असतं. तुमचं तेच झालंय. एचडीएमआय-सीईसी वापरा, म्हणजे एचडीएमआय केबलमधूनच टीव्हीला हुकूम जातात.

तरंगलांबी
ब्लूटूथ असता तर ‘खाली’ एकदाही शिकलं नसतं. आणि सीईसी मुख्यतः चालू-बंद, इनपुट आणि आवाज कमी-जास्त करण्यासाठी आहे. चित्राचा मोड त्यातून बदलायची आशा धरू नका.

उंबरठा, मॅक्रो बाजूला ठेवा. युनिव्हर्सलवरच शिकवलेलं ‘खाली’ हाताने पटापट तीनदा दाबा. काय होतं? रिमोट संगणकाला जोडता येत असेल तर शिकलेल्या कोडचे पहिले दोन गट इथे लिहा.

उंबरठा
पटापट दाबलं तर एकदाच सरकतं. बरंच थांबून दाबलं तर कधी सरकतं, कधी नाही. कोडची सुरुवात ०००० ००७३ अशी आहे. बाकीचा लांबलचक आहे, टाकू का?

तरंगलांबी
नको, एवढं पुरे. ००७३ म्हणजे वाहक लहर, ज्या वेगाने रिमोटचा दिवा लुकलुकत संदेश पाठवतो तो, ३६ किलोहर्ट्झची.

सातवा_मजला
रिमोट ३८ किलोहर्ट्झवरच चालतात. चुकीचं शिकलंय, परत शिकवा.

तरंगलांबी
३८ सगळ्यांत जास्त आढळते, पण सोनीची संदेश पाठवायची पद्धत ४०वर आहे आणि फिलिप्सच्या आरसी-५ व आरसी-६ या ३६वर. ३६ दिसल्यावर मला याच दोघींचा संशय येतो, आणि लक्षणही तेच सांगतंय.

या पद्धतींत प्रत्येक संदेशात एक टॉगल बिट, म्हणजे ० किंवा १ असा एक आकडा, असतो. बटण सोडून पुन्हा दाबलं की मूळ रिमोट तो उलटवतो: ०, मग १, मग ०. बटण दाबून धरलं तर तोच संदेश (आरसी-५मध्ये साधारण ११४ मिलिसेकंदांनी) पुन्हापुन्हा जातो, पण बिट बदलत नाही. टीव्ही यावरूनच ओळखतो की बटण धरून ठेवलंय की नव्याने दाबलंय. तुमच्या युनिव्हर्सलने एका दाबाची नक्कल साठवली आणि तो बिट तिथेच गोठला. मॅक्रो तीनदा ‘खाली’ पाठवतो, टीव्हीला वाटतं एकच बटण धरून ठेवलंय. मध्ये वेळ गेला की काही टीव्ही नवा दाब मानतात, काही मानत नाहीत. म्हणून वेळ वाढवून भागलं नाही.

उपाय दोन. रिमोटच्या यादीत तुमच्या टीव्हीचा तयार कोड असेल तर तोच घ्या, त्यात बिट रिमोट स्वतः उलटवतो. नसेल तर ‘खाली’ दोनदा शिकवा, दोन वेगळ्या मोकळ्या बटणांवर, मूळ रिमोटचं बटण मध्ये एकदा सोडून. दोन्ही कोड शेजारी ठेवून बघा, सुरुवातीलाच एके ठिकाणी फरक दिसला पाहिजे. तो नसेल तर मूळ रिमोटवर एकदा जास्त दाबून दुसरा परत शिकवा. मग मॅक्रोत पहिला, दुसरा, पहिला.

खटपट्या
ईएसपी३२वर हे कोडच्या एका ओळीत होतं.

आजोळ
होत असेल, पण त्यांच्या हातात आहे त्या रिमोटवरही होतंय. मला दुसरीच काळजी वाटते. मॅक्रो संपेपर्यंत रिमोट टीव्हीकडे धरून ठेवावा लागतो. माझे सासरे बटण दाबलं की लगेच रिमोट मांडीवर ठेवायचे, आणि अर्धे कोड टीव्हीपर्यंत जायचेच नाहीत. मॅक्रो जितका छोटा तितका बरा. चित्र कायमचंच उजळ ठेवलंत तर चालणार नाही का? मग मॅक्रोत फक्त आवाज उरेल.

उंबरठा
यादीतल्या कोडने मेनू उघडतच नाही. दोनदा शिकवलं, कोडमध्ये फरक दिसला, आणि आता तिन्ही ‘खाली’ जातात! तरंगलांबी, मनापासून आभार. चित्र हाताने उजळ करून ठेवलं, आईची हरकत नाही. फक्त दुसऱ्यांदा मॅक्रो चालवला की मेनू मागच्या वेळच्या ओळीवरच उघडतो आणि मोजणी बिघडते.

तरंगलांबी
यादीच्या टोकाला पोचल्यावर कर्सर तिथेच थांबतो की दुसऱ्या टोकाला उडी मारतो?

उंबरठा
थांबतो.

तरंगलांबी
मग ‘वर’सुद्धा तसंच दोनदा शिकवा. मेनू उघडल्यावर यादीत जितक्या ओळी आहेत तितक्यांदा आलटूनपालटून ‘वर’ पाठवा, म्हणजे कर्सर नक्की पहिल्या ओळीवर असेल, आणि तिथून खाली मोजा. मॅक्रो थोडा लांबेल. आईंना सांगा, टीव्हीतला आवाज बदललेला ऐकू येईपर्यंत रिमोट समोर धरायचा.