आयरिश रेड एल: लाली भाजलेल्या बार्लीची की क्रिस्टलची?

माल्टमार्तंड
आयरिश रेड (लालसर आयरिश बिअर) करायची म्हणून लोक अर्धा किलो क्रिस्टल माल्ट (रंग आणि गोडी देणारं माल्ट) ओततात आणि मग 'गोडमिट्ट झाली' म्हणून कपाळाला हात लावतात. माझं म्हणणं, लाली भाजलेल्या बार्लीतून यावी, तीही अगदी थोड्या.

२० लिटरसाठी मॅरिस ऑटर (मुख्य फिकं माल्ट) ३.७ किलो, ४० लोव्हिबाँडचं (धान्याच्या रंगाचं माप) क्रिस्टल १५० ग्रॅम, ३०० लोव्हिबाँडची भाजलेली बार्ली ८५ ग्रॅम. मॅश (भरडलेलं धान्य गरम पाण्यात भिजवणं) ६६ अंशांवर तासभर. ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं, ५ टक्के आल्फा आम्ल) ३५ ग्रॅम, कढ फुटताच घालायचे आणि तासभर उकळायचे. शेवटी हॉप्स अजिबात नकोत. धान्यातल्या साखरेचा ७२ टक्के उतारा धरला तर सुरुवातीची घनता १.०४३, कडवटपणा २० आयबीयूच्या आसपास, रंग ११ एसआरएम. घोट गिळल्यावर जीभ जराशी कोरडी पडते ती या बार्लीमुळे. क्रिस्टलकडून ते होत नाही.

(महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. धागा जिथे चालतं तिथल्यांसाठी.)

कढ_उतू
असहमत. १२० लोव्हिबाँडचं गडद क्रिस्टल २५० ग्रॅम घ्या, बार्ली शून्य. रंग १० एसआरएमच्या वर जातो आणि करपट वासाची भीती नाही. गोडी वाढते ती अर्धा किलो घातल्यामुळे. शिवाय मॅश ६८-६९ वर ठेवायचा आणि दोष क्रिस्टलला द्यायचा, हे कुठलं? ६५ वर उतरवा, शेवटची घनता १.०११ पर्यंत येते.

आणि '८५ ग्रॅम' हे माप अर्धवट आहे. काही पिशव्यांतली बार्ली ५०० लोव्हिबाँडची असते. तेवढेच ग्रॅम घातले तर रंग थेट १३ च्या पुढे, आणि वास पोर्टरकडे (गडद, भाजक्या चवीची बिअर) झुकलेला.

माल्टमार्तंड
पिशवीचा मुद्दा मान्य. ५०० ची असेल तर ५० ग्रॅम पुरे. पण गडद क्रिस्टलमधून मनुका आणि जळक्या साखरेची चव येते, ती इंग्लिश बिटरमध्ये शोभते. आयर्लंडमधल्या किल्केनीची स्मिथविक्स बिअर घ्या, तिच्यात भाजलेली बार्ली असतेच.

कढ_उतू
किल्केनीची सेंट फ्रान्सिस अ‍ॅबी ब्रुअरी २०१३ मध्ये बंद झाली, त्यानंतर स्मिथविक्स डब्लिनमध्ये बनू लागली. एका ब्रँडवरून शैलीचा नियम कसा काढणार? किलियन्स ही बिअरही स्वतःला 'आयरिश रेड'च म्हणवते.

गाळ_तळाशी
किलियन्सचं उदाहरण नको. आयर्लंडमधल्या एनिस्कॉर्थीची ती ब्रुअरी १९५६ मध्येच बंद पडली. नंतर नाव परवान्यावर परदेशी गेलं आणि अमेरिकेत कूर्स कंपनीने केली ती चक्क लागर (थंडाव्यात आंबवलेली बिअर), एल नव्हेच.

खरं तर तुम्ही दोघंही रंगावर अडलात. या बिअरमध्ये लपायला हॉप्स नाहीत, त्यामुळे यीस्टची चूक लगेच कळते. आयरिश यीस्ट (वायस्टचं १०८४ किंवा व्हाइट लॅब्जचं डब्ल्यूएलपी००४) लोण्यासारखा वास सोडतं. सुरुवात १८ अंशांवर करा. घनता १.०१८ वर आली की २१ पर्यंत चढू द्या आणि तिथे तीन दिवस राहू द्या. घनता थांबली म्हणून लगेच गार केलंत तर यीस्ट तळाशी बसतं आणि डायअसेटिल (लोण्याचा वास देणारं द्रव्य) तसंच राहतं. तपासायला थोडी बिअर झाकणबंद बरणीत भरून ६० अंशांच्या पाण्यात २० मिनिटं ठेवा, गार करून हुंगा. लोण्याचा वास आला तर अजून दोन दिवस थांबा. बाटलीत भरताना १९ लिटरला १०० ग्रॅम साखर. जास्त फेस आला की कार्बनिक आम्लाचा चावरेपणा माल्टवर चढतो.

कढ_उतू
यीस्टबद्दल +१. एस-०४ यीस्ट वापरलं तर लोण्याचा त्रास कमी, हेही सांगा. करपटपणा टाळायचाच असेल तर बार्ली रात्रभर गार पाण्यात भिजवून गाळा आणि ते पाणी कढाच्या शेवटच्या १० मिनिटांत घाला. रंग मिळतो, तुरटपणा नाही.

माल्टमार्तंड
आणि तो कोरडेपणाही पातळ होतो, ज्यासाठी बार्ली घातली! त्यापेक्षा ती जाडसर भरडा, पीठ होऊ देऊ नका, आणि मॅशच्या शेवटच्या १५ मिनिटांत मिसळा. तुरटपणा येतो तो बहुतेकदा धान्य ८० अंशांच्या वरच्या, अल्कधर्मी पाण्याने धुतल्यामुळे. मॅशचा पीएच ५.४ च्या आसपास, धुण्याचं पाणी ७६ अंश, आणि निथळणारा वर्ट (माल्टचं गोड पाणी) १.०१० च्या खाली गेला की नळ बंद.

कढ_उतू
शेवटच्या १५ मिनिटांपर्यंत आलात, म्हणजे अर्धी वाट चाललात. पुढच्या खेपेला १० लिटर तुमच्या पद्धतीने, १० माझ्या, यीस्ट एकच. ग्लासांवर खुणा नकोत.