एम.एड. करून बाई परत तिसरी ‘ब’वरच?

मुलुंडच्या बाई :
काल आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर एका सरांनी टाकलं, एम.एड. (शिक्षणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी) म्हणजे वर्ग चुकवायचा राजमार्ग. शिक्षकाला फळा, खडू आणि खणखणीत आवाज पुरे. खाली चाळीस अंगठे. तिथे बोलले असते तर ‘इथे फक्त परिपत्रकं टाका’ असं दटावलं असतं, म्हणून इथे लिहितेय.

मी बिनपगारी रजा काढून दोन वर्षं एम.एड. केलं. (२०१५च्या आधी एका वर्षात उरकायचं, माझं नशीब.) परत आले तर तोच वर्ग, तोच कुरकुरणारा पंखा. तिसरीला दिशा शिकवत होते. एका पोराला विचारलं, सूर्य कुठे मावळतो? म्हणाला, “वेस्टला. पुलाच्या पलीकडे.” आणि उत्तर दिशा? “कल्याण.” पूर्वी हसून ‘चूक’ म्हटलं असतं. त्या दिवशी थांबले. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा, असं आपण वर्षानुवर्षं सांगतो. या पोरांच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे पाइप दिसतात, सूर्य नाही. मग पाठ उलटा केला. आधी स्टेशनचा पूल, मग खडूने फरशीवर नकाशा, मग कल्याण खरंच उत्तरेला की ईशान्येला यावर भांडण, आणि सूर्य सगळ्यात शेवटी. काय आधी घ्यायचं, काय मागे ठेवायचं, काय सरळ गाळायचं, हे मी त्या दोन वर्षांत, अभ्यासक्रमाचा अभ्यास करताना शिकले.

खडूबहाद्दर :
बाई, माझी आई १९७८ची डी.एड. तीही अंगणात नकाशा काढायची, आणि त्यासाठी तिने कुणाचा प्रबंध वाचला नव्हता. बरं, तुम्ही गाळायचं ठरवलंत. पाठाचं टाचण तपासणारे काय विचारतात? ‘पाठ चार झाला का?’ पुस्तक पुण्यात बालभारतीत ठरतं, तासिका ऑफिसात ठरतात. अभ्यासक्रमाचा अभ्यास केलेला शिक्षक म्हणजे डोंबिवली फास्टच्या दारात लटकून मोटरमनचा कोर्स करणारा माणूस. गाडी त्याच्या हातात कधी येणार?

परळचा पालक :
पुण्यात ठरतं म्हणालात म्हणून विचारतो, ती कोरी पानं कोणत्या एम.एड.वाल्याने ठरवली होती? २०२३-२४ला दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत केली आणि पाठांमागे वहीची पानं घातली. दप्तर हलकं होणार म्हणे! आमच्या चिरंजीवांनी त्या पानांवर फुली-गोळा खेळून घेतला. बाईंनी वही वेगळी मागितलीच, त्यामुळे दप्तर होतं तेवढंच राहिलं.

मुलुंडच्या बाई :
काका, मूळ विषय तो नाही.

चुनाभट्टीची ताई :
असू दे ना, हाच खरा विषय आहे! आमच्याकडे मोठीचं पुस्तक धाकट्याला, धाकट्याचं शेजारच्या सोनीला जायचं. लिहिलेलं पुस्तक पुढे कसं देणार? सगळं रद्दीत. जानेवारी २०२५मध्ये शासनाने गुपचूप मागे घेतलं.

खडूबहाद्दर :
गुपचूप कसलं, शासन निर्णय निघाला होता. आणि पानं वाईट नव्हती हो. माझ्या वर्गात नवे शब्द, गणिताची कच्ची आकडेमोड, सगळं त्यावर व्हायचं. वापरायचं कसं हे कुणी सांगितलंच नाही.

मुलुंडच्या बाई :
सर, हे तुम्ही काय बोललात ते परत वाचा. वस्तू चांगली, पण वर्गात ती कशी उतरवायची याचा विचार कुणी केला नाही. यालाच अभ्यासक्रमाचा अभ्यास म्हणतात.

खडूबहाद्दर :
बरं, शब्दांत पकडलंत. टाळ्या.

परळचा पालक :
पण वापरायचं कसं हे सांगावं लागतं? पगार कशाचा घेता मग?

खडूबहाद्दर :
साहेब, मागच्या निवडणुकीत मी बीएलओ (मतदार यादीचं काम करणारा) म्हणून तुमच्यासारख्यांची दारं वाजवत चार मजले चढत होतो. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढ्यापुरती शिक्षकांना जुंपायची कायद्यातच मुभा आहे, म्हणजे आमची तक्रारही बेकायदा. पगाराचं नंतर बोला.

परळचा पालक :
सुट्ट्या मोजू का?

विक्रोळी ईस्ट :
दोघांनीही पाणी प्या. माझी बारा वर्षं झाली तेव्हा वरिष्ठ वेतनश्रेणीचं प्रशिक्षण केलं, चोवीस झाली तेव्हा निवड श्रेणीचं. ऑनलाइन. निवड श्रेणीचे व्हिडिओ मोबाइलवर चालू ठेवून मी दोन जुड्या मेथी निवडली, शेवटी प्रमाणपत्र आलं. आता नव्या शैक्षणिक धोरणात वर्षाला पन्नास तास प्रशिक्षण सांगितलंय, म्हणजे भाजीची चिंता मिटली. त्यामानाने बाईंनी स्वतःचा पगार बुडवून शिकलं, त्यांना ‘वर्ग चुकवणारी’ म्हणणं मला पटत नाही. एम.एड. सगळ्यांनी करावं असंही नाही. आमच्यात एम.एड. करून आलेले एक सर होते, ‘ज्ञानरचनावाद’ (म्हणजे मूल स्वतःच ज्ञान घडवतं) म्हटल्याशिवाय डबा उघडत नसत, आणि वर्गात मात्र उत्तरं फळ्यावर लिहून द्यायचे.

मुलुंडच्या बाई :
तसे असतात. माझ्याच तुकडीत निम्मे बढतीसाठी आले होते, आणि दोन वर्षांत शाळेत गेलो ते मोजकेच दिवस, बाकी प्रबंधाची स्पायरल बाइंडिंग. ते बोचतं. पण खणखणीत आवाजाने काय होतं तेही पाहिलंय. तेराचा पाढा सगळे एका सुरात म्हणतात, आणि तेरा रुपयांची चार पेनं घेतली तर किती झाले, यावर वर्ग गप्प.

चुनाभट्टीची ताई :
माझी बहीण शिक्षिका आहे, तिला नोकरी न सोडता करायचंय. बिनपगारी परवडणार नाही.

विक्रोळी ईस्ट :
टिसने (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) २००६मध्ये शिक्षणातलं एम.ए. सुरू केलं होतं, थोडं कॅम्पसवर, थोडं घरून. आत्ता काय चालू आहे ते तिला थेट विचारू दे.

खडूबहाद्दर :
मुलुंडच्या बाई, उद्या मला तिसरीवर बदली तास आहे. त्या पुलाच्या पाठाचं टाचण पाठवा. एक पानच हवं, संदर्भसूची नको. आणि आमचं स्टेशन हार्बर लाइनवर आहे, कल्याणचं काय करायचं तेही लिहा.