मालकी कूपातून सागाचे लठ्ठे काढायचे आहेत, नाल्यावर पाईप टाकू का रपटा (पाणी वरून जाईल असा दगडी रस्ता) करू?

झाडीपट्टी_पोरगा:
नमस्कार मंडळी, अहेरी तालुक्यात आमचा मालकी कूप (स्वतःच्या जमिनीतला तोडीचा झाडांचा पट्टा) आहे, सागाची तोड दिवाळीनंतर सुरू करायची आहे. प्रश्न रस्त्याचा आहे. शेतापासून डांबरी रोडपर्यंत जुनी बैलबंडीची वाट आहे, मधात काळ्या मातीचा पट्टा लागते अन् एक नाला, त्याची उतरण चांगलीच खडी आहे. मागल्या सीझनला शेजाऱ्याची भरली ट्रॉली तिथंच उलटली, बरं की मजूर वर बसले नव्हते. ठेकेदार म्हणते सिमेंटचा पाईप टाकू, वरून मुरूम टाकू अन् दहाचाकी ट्रक थेट आत नेऊ. खर्च माझा आहे म्हणून विचारून राहिलो.

जुना_राऊंडवाला:
पाईप नको. आपल्याकडचा नाला पावसाळ्यात नुसतं पाणी आणत नाही, पालापाचोळा, बांबू, उन्मळलेली झाडं सगळं आणते. पाईपाचं तोंड बुजलं की पाणी मुरुमावरून जाते अन् एका रात्रीत भराव साफ. रपटा कर, तळाला दगड बसव, मधात थोडा खोलगट ठेव, खालच्या अंगाला मोठमोठे दगड रच म्हणजे पाणी पडून खड्डा होत नाही. उतरण सरळ नको, तिरकी काप. डोंगरी रस्त्याला 1:20 चढ धरतात, जागाच नसेल तर 1:14 पर्यंत, त्याच्यावर भरल्या गाडीला नेऊ नको. काळी माती आधी खरडून काढ, नाहीतर कितीही मुरूम टाक, चिखल खाऊन टाकते. रस्ता मधात उंच, दोन्हीकडं नाली, अन् उतारावर थोड्या थोड्या अंतरानं तिरके चर मारून पाणी बाजूला सोडायचं. चाकोरीतून पाणी वाहायला लागलं की रस्ता गेला समज.
पूर्वी कमलापूरच्या वनखात्याच्या कॅम्पातले हत्ती लठ्ठे ओढायचे तेव्हा ही कटकटच नव्हती म्हणा.

दहाचाकी:
मी लाकडाच्याच गाडीवर आहे. खरं सांगू का, ट्रक आत नेऊच नका. दहाचाकी भरून 28.5 टनापर्यंत पास आहे, तेवढं वजन कच्च्या रस्त्यावर फिरवलं तर तुमचा मुरूम किती टिकणार?? ट्रॅक्टरनं थोडं थोडं आणून डांबरीजवळ कडक सपाट जागेवर थप्पी लावा, तिथून ट्रक भरा. वाळलेलं सागवान घनमीटरला साधारण 650 किलो, ओलं त्याहून बरंच जड, अन् लोक ट्रॉली डोळ्याच्या अंदाजानं भरतात. जाडे लठ्ठे खाली, दोन्हीकडं मजबूत खुंट, साखळी पुढं पण अन् मागं पण, नुसत्या दोरावर भरवसा नको. थोडं गेल्यावर थांबून साखळी परत ताणायची, लठ्ठे बसतात अन् ती ढिली पडते. नाल्यात उतरताना पहिला गिअर, मधात क्लच दाबायचा नाही, न्यूट्रल तर विचारूच नका. ट्रॉलीवर माणूस बसला तर मी गाडी हलवतच नाही, मग कोणी काहीही म्हणो.

कागदवाला_भाऊ:
ती वाट कोणाच्या जागेतून जाते ते आधी पहा बाप्पा. वनखात्याच्या कंपार्टमेंटमधून (नंबर दिलेला जंगलाचा तुकडा) जात असेल तर स्वतःहून एक ट्रिप मुरूमही टाकू नका, 1980 चा वन कायदा लागते, आरएफओकडे (वनपरिक्षेत्र अधिकारी) अर्ज करून लेखी परवानगी घ्या. वनहक्क कायद्यातलं कलम 3(2) कोणी सांगेल तर ते गावाच्या सोयीच्या रस्त्यासाठी आहे, तुमच्या लाकडासाठी नाही. मुरूम गौण खनिजात येते, त्याचा परवाना तहसीलमधून.

झाडीपट्टी_पोरगा:
अर्धी वाट खात्याच्याच जागेतून आहे, उद्याच अर्ज टाकतो. अन् पाईप कॅन्सल. ट्रॅक्टरसाठीच करायचा तर रुंदी किती ठेवू?

जुना_राऊंडवाला:
साडेतीन मीटर पुरे, वळणावर जास्त अन् मधात एक साइड द्यायची जागा. अर्जासोबत नकाशा जोड, अन् पावसाच्या आधी नाल्यातला लाकूडफाटा उचलून घेजो.