शब्दचर्चा : गीतावरची ‘चाल’, ‘ध्रु.’ आणि ‘स्तोत्र’

जालन्याचा पोऱ्या :
आज्जीची गीतांची वही सापडली. शाईनं लिहिलेली, बरीच पानं सुटी. त्यातली निवडक ख्रिस्ती गीतं नाताळाआधी आमच्या चर्चच्या मंडळीसाठी छापायची म्हणून टाइप करायलोय, पण काही ठिकाणी अडलोय. बहुतेक गीतांच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून पुढं भलत्याच गाण्याची पहिली ओळ आहे. हा राग समजायचा का वृत्त? काहींवर चाल नाही, नुसते आकडे आहेत : ८.७.८.७. पहिल्या कडव्यापुढं ‘ध्रु.’ असं लिहिलंय, ते काय? आणि मुखपृष्ठावर मी ‘स्तोत्रे’ टाकलं, तर पाळकसाहेब म्हणाले, ‘ही स्तोत्रं नव्हेत, गीतं आहेत.’ फरक काय?

पेटीवाले काका :
राग नव्हे आणि वृत्तही नव्हे. चाल म्हणजे लोकांच्या गळ्यात आधीच बसलेली सुरावट. जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं उघडून बघ. किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८०चं, ‘सौभद्र’ १८८२चं. पदांच्या माथ्यावर हीच ओळ सापडेल. कीर्तनाच्या पुस्तकांतही तेच. स्वरलिपी छापायची कुणी आणि वाचायची कुणी? ‘अमक्या गाण्यासारखं म्हणा’ एवढं लिहिलं की काम झालं. वृत्त ओळीचं माप सांगतं, राग स्वरांचं चलन सांगतो. चालीत हे दोन्ही आलेलं असतं, पण ते गाणं येत असेल तरच. मूळ गाणं विसरलं गेलं की ती ओळ म्हणजे माणूस सोडून गेलेल्या घराचा पत्ता.

अंबाजोगाईची लेक :
काका, पण उपासनेत नाटकाची नाहीतर तमाशाची चाल घ्यायची म्हणजे जुन्या लोकांना चालत होतं का? आमच्याकडं अजून कुणी सिनेमाच्या चालीवर गीत बसवलं की बायका तोंडं वाकडी करतात.

पेटीवाले काका :
ताई, तोंडं तेव्हाही वाकडी होत असणार! पण चाल उसनी घेणं ही काही फक्त आपल्याकडची रीत नाही. ‘ओल्ड हंड्रेथ’ नावाची चाल बघा. नावाचा अर्थ ‘जुनं शंभरावं’. ही छापली गेली १५५१ साली जिनिव्हात, लुई बुर्झ्वाच्या हातून, आणि तीही बायबलातल्या १३४व्या स्तोत्रासाठी. पुढं इंग्रजीत विल्यम कीथचं शंभरावं स्तोत्र तिच्यावर बसलं आणि तिला ते नाव पडलं. १६९६ला इंग्रजांनी स्तोत्रांचं नवं पद्य भाषांतर काढलं, तेव्हा आधीचं ते ‘जुनं’ झालं. आज तिच्यावर बहुतेक ठिकाणी थॉमस केनचं स्तुतीचं कडवं गातात, म्हणजे त्यात शंभरावं स्तोत्रही उरलं नाही. तरी नाव तेच. आपल्या ‘चाल : अमुक’चंही हेच झालंय.

म्हणून विलायती पुस्तकात गीत लिहिणारा एक आणि चाल बांधणारा दुसरा, अशी दोन नावं असतात. ‘अबाइड विथ मी’चे शब्द हेन्री लाइटचे, १८४७चे. त्यानं स्वतः लावलेली चाल मागं पडली. आपण दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटला, म्हणजे प्रजासत्ताक दिनानंतरच्या लष्करी बँडच्या सोहळ्याला, २०२२च्या आधी वर्षानुवर्षं जी ऐकली ती विल्यम मंकची, १८६१ची, आणि तिचं स्वतंत्र नाव आहे : ‘ईव्हनटाइड’. ‘अमेझिंग ग्रेस’मध्ये तर अंतर आणखी मोठं. जॉन न्यूटननं ते १७७२च्या अखेरीस लिहिलं, १७७९ला छापलं. आज जगभर गातात ती ‘न्यू ब्रिटन’ नावाची चाल त्याला १८३५ला जोडली गेली. तोवर न्यूटन जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती.

आपल्या वह्यांत चालीला असं स्वतःचं नाव नसतं, ती कायम दुसऱ्या गाण्याच्या नावानं ओळखली जाते. कवीचं नाव राहतं, चाल बांधणारा हरवतो. हे मला खटकतं.

छंदिष्ट :
आकड्यांचं मी सांगतो. ८.७.८.७ म्हणजे पहिल्या ओळीत आठ अक्षरं, दुसरीत सात, तिसरीत आठ, चौथीत सात. माप जुळलं की शब्द एका गीताचे आणि चाल दुसऱ्याची, असं बिनदिक्कत करता येतं. यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. थोरला अभंग ६, ६, ६, ४ अक्षरांचा. धाकटा ८, ८ चा. म्हणून तुकोबांच्या एका अभंगाची चाल दुसऱ्याला सहज लागते. काटेकोर बोलायचं तर अभंग-ओवीला वृत्त म्हणू नये. माधव जूलियनांनी त्यांना ‘छंद’ या वेगळ्या वर्गात घातलंय. तिथं अक्षरं मोजायची, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही.

पण इथंच एक गोम आहे. अभंग म्हणताना प्रत्येक अक्षराला सारखाच वेळ मिळतो, म्हणून ऱ्हस्व अक्षर लांबलं तरी कानाला लागत नाही. इंग्रजी चालीत मात्र ठराविक अक्षरांवरच जोर पडतो. त्या जागी ‘दयाळू’ आला की ‘दऽऽयाळू’ होतं आणि ‘द’वर उगाच वजन येतं. अक्षरं बरोबर भरतात, मराठी मात्र अडखळते. भाषांतरित गीतं ओढल्यासारखी वाटतात ती बहुतेक यामुळंच. गीत आकड्यांचं असेल तर टाइप करण्याआधी मोठ्यानं गाऊन बघ.

जालन्याचा पोऱ्या :
हे अगदी पटलं. आकड्यांची गीतं आमच्यात फक्त पेटीवर म्हणतात. ढोलकी-झांज घेऊन बसले की कुणी त्यांना हात लावत नाही. त्या वेळी ‘भजन करू’ म्हणतात, ‘गीत म्हणू’ असं नाही.

दौलताबादी :
स्तोत्राबद्दल पाळकसाहेबांचं बरोबर आहे. संस्कृताच्या वळणानं स्तुतीचं कुठलंही काव्य स्तोत्र. पण मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, ‘स्तोत्रसंहिता’ हे एका पुस्तकाचं नाव आहे, त्यात १५० स्तोत्रं. त्यामुळं ख्रिस्ती माणूस ‘तेविसावं स्तोत्र’ म्हणतो तेव्हा त्याला नेमकी तीच रचना म्हणायची असते. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या गीताला तो स्तोत्र म्हणणार नाही. बायबलातल्याच पौलाच्या पत्रांत (इफिस ५:१९, कलस्सै ३:१६) स्तोत्रं, गीतं आणि प्रबंध असे तीन शब्द शेजारीशेजारी आलेत.

अंबाजोगाईची लेक :
प्रबंध? पीएचडीचा?

दौलताबादी :
ताई, याचीच वाट बघत होतो. प्रबंध हा मुळात गाण्यातला शब्द आहे, आणि त्याचा सगळ्यात सविस्तर हिशोब मांडला गेला तो आमच्या देवगिरीवर. तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. घराणं मूळचं काश्मीरचं. त्याच्या ‘संगीतरत्नाकरा’चे सात अध्याय, त्यातला चौथा प्रबंधाध्याय. प्रबंधाचे भाग म्हणजे ‘धातू’ : उद्ग्राह, मेलापक, ध्रुव, आभोग. मेलापक गाळला तर चालतो, आभोग गाळला तरी चालतो. ध्रुव मात्र गाळता येत नाही, म्हणूनच तो ध्रुव. आज्जीच्या वहीत पहिल्या कडव्यापुढं जे ‘ध्रु.’ लिहिलंय ते हेच, म्हणजे परत परत म्हणायचा भाग. लोक ‘धृपद’, ‘धृवपद’ असं काहीही लिहितात. तू छापताना ‘ध्रु.’च ठेव.

ओवी तर त्याहून जुनी. चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. त्याच ओवीत फादर स्टीफन्सनं १६१६ला गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ छापलं. जन्मानं इंग्रज माणूस, पण विलायती मापं घेऊन बसला नाही.

छंदिष्ट :
टिळकांनीही तेच केलं. नारायण वामन टिळक कोकणातले, १८६१चा जन्म, १८९५ला बाप्तिस्मा, पुढचं बहुतेक काम नगरला. शंभराहून जास्त गीतं, त्यांत अभंग आणि पदं भरपूर. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांचं ख्रिस्तावरचं अपुरं काव्य ‘ख्रिस्तायन’ पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, हे लोक विसरतात आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रापाशीच थांबतात. टिळकांच्याही आधी नगरला कृष्णराव सांगळे होते. त्यांनी गीतं लिहिली, ख्रिस्ती कीर्तनं केली. आपल्या जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल गाव वसवलं. अशा गावांत टाळ-ढोलकी सगळ्यांच्या ओळखीची, त्यामुळं अभंगाच्या चाली कुणाला शिकवाव्या लागल्या नसतील.

पेटीवाले काका :
पोऱ्या, छापताना चालीची ओळ गाळू नको, कुणाला कळली नाही तरी. आणि ज्या म्हाताऱ्यांना त्या चाली येतात त्यांना बसवून मोबाइलवर भरून घे.

जालन्याचा पोऱ्या :
आलं ध्यानात. मुखपृष्ठावर ‘गीते व भजने’. वर चालीची ओळ जशीच्या तशी, पहिल्या कडव्यापुढं ‘ध्रु.’, खाली कवीचं नाव जिथं खात्रीचं तिथंच. आकड्यांची गीतं शेवटी, वेगळी. रेकॉर्डिंगला रविवारी उपासनेनंतर बसतोय. काका, पेटी घेऊन याल का?

पेटीवाले काका :
येतो. ढोलकीवाला तू बघ.