संवेदक म्हणजे कोण गेलं? (सेन्सर, अचूक आणि काटेकोर)

तापीकाठचा

मंडळी, एक अडलेला शब्द घेऊन आलोय. जळगावात पोरांना गाड्यांचं काम शिकवतो, बरीचशी पोरं चोपडा, यावल, पारोळ्याकडची, घरी अहिराणी नाहीतर लेवा बोली, इंग्रजी पुस्तक पुढं ठेवलं की वर्ग गप्प. म्हणून यंदा मराठीत नोट्स काढायला घेतल्या आणि पहिल्याच पानावर सेन्सरला 'संवेदक' लिहिलं. तर मागच्या बाकावरून आवाज, "मास्तर, संवेदक म्हंजे? कोन मरी गया?" आता त्याला काय बोलणार, संवेदना हा शब्द त्यानं आयुष्यात फक्त चौकातल्या बॅनरवर वाचलेला, भावपूर्ण श्रद्धांजलीच्या खाली. आणि त्यात आमच्या गॅरेजच्या भाषेत बिघडलेला सेन्सर 'गेला' असाच म्हणतात, म्हणजे त्याची शंका तशी रास्तच होती.

हा झाला एक प्रश्न. दुसरा त्याहून अवघड. मागच्या मे महिन्यात एक कार आली, बाहेर पंचेचाळीस डिग्री, बोनेटवर पापड भाजला जाईल, आणि स्कॅनरवर इंजिनच्या पाण्याचं तापमान उणे ४०. वायर तुटलेली. हा सेन्सर म्हणजे साधा रोधक, विजेला अडवणारा तुकडा असतो, गरम झाला की त्याचा रोध कमी होतो, थंड झाला की वाढतो. वायर तुटली म्हणजे रोध अमर्याद, म्हणजे कंट्रोलरच्या, गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरच्या हिशोबानं कडाक्याची थंडी, मग बऱ्याच गाड्यांत तो शेवटचा आकडा दाखवून मोकळा होतो. तासभर बघत होतो, उणे चाळीसचं एकोणचाळीस झालं नाही. पोरगा म्हणतो, "मशीन खोटं बोलस, पन शब्द बदलस नही." इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, खरं सांगणं वेगळं आणि दरवेळी तेच सांगणं वेगळं. मराठीत मी जे काही वाचलं त्यात दोन्हीला 'अचूकता' लिहून टाकलंय. मी काय लिहू?

लेथवाला धुळेकर

भो, सरळ सेन्सर लिहा. फक्त सेन्सॉर लिहू नका, तो पिक्चर कापतो.

दुसऱ्याचं सांगतो. आमचे वडील सुतात बोलायचे, इंचाचे आठ भाग केले की एक सूत, म्हणजे तीन मिलिमीटरच्या वर थोडं. मी शिकलो तेव्हा थाऊ, इंचाचा हजारावा भाग. आता पोरगा मायक्रॉन मायक्रॉन करतो, एका थाऊत पंचवीस बसतात. एकाच शेडमध्ये तीन पिढ्या आणि तीन मापं, भांडणं कशी होत असतील बघा. तर माझा एक जुना मायक्रोमीटर, जाडी मोजायचं हत्यार, हातातून पडला, तेव्हापासून तीन शतांश मिलिमीटर जास्त दाखवतो. पण दरवेळी तीनच, सकाळी मोजा, संध्याकाळी मोजा. मी त्याच्यावर पट्टी चिकटवून '-३' लिहून ठेवलंय आणि आजही बिनधास्त वापरतो. दुसरा नवीन स्वस्तातला घेतला होता, तो कधी दोन जास्त कधी चार कमी, त्याची सरासरी काढली तर बरोबर येते पण सरासरीवर बेअरिंग बसत नाही ना भो. माझ्या मते पहिला खोटारडा पण विश्वासाचा, दुसरा खरा पण चंचल. शब्द तुम्ही विद्वान लोक शोधा.

केळीवाला रावेर

शब्द तर आपल्याकडे आहेच की. काटेकोर!! आणि उदाहरण पण घरचं देतो. एका व्यापाऱ्याचा काटा होता, केळी मोजायला यायचा, दर क्विंटलला दोन किलो खायचा. आम्ही घरी मोजून नेली, दोन किलो. पुढच्या खेपेला परत, दोन किलो. एक छटाक इकडे तिकडे नाही. काटा मारणारा काटा काटेकोर असतो आप्पा, अचूक नसतो. चुकत नाही तो अचूक, आणि हलत नाही तो काटेकोर. त्याचा काटा हलत असता तर आम्हाला कधी कळलंही नसतं, एकसारखं खाल्लं म्हणून पकडला गेला.

तापीकाठचा

रावेरवाले दादा, हे नोट्समध्ये जसंच्या तसं घेतोय.

फिजिक्सवाली

काट्याचं उदाहरण फार आवडलं, वर्गात वापरणार. अचूक म्हणजे खऱ्या किमतीच्या जवळ, काटेकोर म्हणजे पुन्हा पुन्हा मोजलं तरी आकडे एकमेकांच्या जवळ, असं ठेवलं तर मुलं गोंधळणार नाहीत. 'नेमका' मात्र या भानगडीत आणू नका, तो नेमातून आलाय, नेम धरण्याशी त्याचं नातं, आणि बोलताना आपण तो दोन्ही अर्थांनी वापरतो. 'तंतोतंत' तर तिसरंच, ते नकलेचं काम.

मला वेगळ्याच शब्दाबद्दल बोलायचंय, मास्तरांच्या नोट्समध्ये तो कधीतरी येणारच. प्रकाश वापरून जे मोजमाप करतात त्याला बरेच जण 'प्रकाशमापन' लिहितात. हा समास सोडवून बघा. तापमापक म्हणजे तापाचं माप घेणारा, तर प्रकाशमापक म्हणजे प्रकाशाचं माप घेणारा, म्हणजे दिवा किती उजेड देतो ते बघणारं यंत्र. आपल्याला म्हणायचंय प्रकाशाने माप, म्हणजे षष्ठी नको तृतीया पाहिजे, आणि समासात विभक्ती गळून पडते आणि घोळ राहतो. म्हणून 'प्रकाशीय मापन' लिहा, कानाला जड आहे पण खोटं नाही.

आणि हे मापन म्हणजे काटेकोरपणाची हद्द आहे अक्षरशः. एक किरण अर्धपारदर्शक आरशानं दोन वाटांनी पाठवायचा, दोन्ही परत आणून एकत्र करायचे, की उजेड-अंधाराचे पट्टे दिसतात, याला व्यतिकरण म्हणतात. एका वाटेवरचा आरसा अर्ध्या तरंगलांबीइतका, म्हणजे प्रकाशाच्या अर्ध्या लाटेइतका सरकला की एक पट्टा पुढे जातो. लाल हेलियम-निऑन लेसरची तरंगलांबी ६३३ नॅनोमीटर (मायक्रॉनचा हजारावा भाग म्हणजे नॅनोमीटर), म्हणजे एक पट्टा साधारण ३१६ नॅनोमीटरचा. आपण म्हणतो ना 'केसभर फरक', तर ७० मायक्रॉनचा केस धरला तर त्या केसभरात सव्वादोनशेच्या आसपास पट्टे मोजून होतात. मायकेलसन या अमेरिकन शास्त्रज्ञानं १८९२-९३ मध्ये पॅरिसजवळच्या सेव्र इथे जाऊन कॅडमियमच्या लाल प्रकाशात अख्खा मीटर असा मोजला, सुमारे १५,५३,१६३ लाटा भरल्या. १९०७ चं नोबेल मिळालं त्याला. पुढे १९६० मध्ये मीटरची व्याख्याच क्रिप्टॉन वायूच्या प्रकाशाच्या लाटांवर केली आणि १९८३ पासून प्रकाशाच्या वेगावर, सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. म्हणजे आधी मीटरनं प्रकाश मोजायचो, आता प्रकाशानं मीटर. षष्ठीची तृतीया झाली, बोला!

लेथवाला धुळेकर

ताई एक शंका, ही तरंगलांबी तुम्ही लॅम्डा लिहिता ना? मग गॅरेजवाले सायलेन्सरच्या पाइपात लावतात तो लॅम्डा सेन्सर पण लाटा मोजतो का?

तापीकाठचा

याचं उत्तर मी देतो, नाही. अक्षर तेच, कूळ वेगळं. आमचा लॅम्डा म्हणजे पेट्रोलला लागते त्याच्या किती पट हवा मिळाली ते, एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, तेवढीच असली की लॅम्डा एक. सेन्सर तो आकडा थेट बघतच नाही, तो धुरातल्या ऑक्सिजनची बाहेरच्या हवेतल्या ऑक्सिजनशी तुलना करतो, आत झिर्कोनिया या चिनीमातीसारख्या पदार्थाचा तुकडा, तीनशे डिग्रीच्या वर तापला की कामाला लागतो, पेट्रोल जास्त असलं की ०.९ व्होल्टच्या आसपास, हवा जास्त असली की ०.१. १९७६ मध्ये बॉशनं तो व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा दिला. म्हणजे मोजतो व्होल्ट, आणि आपण नाव दिलं लॅम्डा.

यावरूनच डोक्यात आलं, ताईंचा षष्ठी-तृतीयेचा घोळ आमच्या सगळ्याच सेन्सरांत आहे. काचेवरचा पाऊस ओळखणारा सेन्सर घ्या. तो पावसाला हातही लावत नाही. काचेच्या आतून तिरका अवरक्त, डोळ्याला न दिसणारा प्रकाश सोडतो, काच कोरडी असली की तो आतल्या आत परावर्तित होऊन परत येतो, थेंब पडला की तिथून थोडा बाहेर निसटतो, परत येणारा प्रकाश कमी झाला की वायपर चालू. आता हा पर्जन्यमापक की प्रकाशमापक? चाकाचा सेन्सर वेग बघतच नाही, तो चाकाबरोबर फिरणारे दाते मोजतो.

बुऱ्हाणपूर बॉर्डर

चालू धाग्यात थोडं विषयांतर. मास्तर, तुम्ही नोट्समध्ये 'सेन्सरचा आविष्कार' वगैरे लिहिणार असाल तर थांबा. आमच्याकडे सीमेवर हिंदी घरात शिरलेली असते म्हणून हे जास्त जाणवतं. हिंदीत आविष्कार म्हणजे नवीन यंत्र काढणं, मराठीत आविष्कार म्हणजे प्रकट होणं, कलाविष्कार म्हणतो तसं. पेपरवालेसुद्धा हल्ली सर्रास हिंदीच्या अर्थानं छापतात, डोकं फिरतं. पण मराठीचीही गोची आहे, आपला 'शोध' दोन्हीला चालतो. एडविन हॉलला १८७९ मध्ये दिसलं की चुंबकाजवळ धातूच्या पट्टीतून वीज नेली तर पट्टीच्या आडव्या दिशेनं व्होल्टेज येतं, तो शोध. त्यावरून चाकाचे नाहीतर क्रँकचे (इंजिनच्या मुख्य दांड्याचे) दाते मोजणारा सेन्सर लोकांनी पुढे कधीतरी बनवला, त्यालाही शोधच. मी तरी पहिल्याला 'शोध लागला' आणि दुसऱ्याला 'शोधून काढला' किंवा सरळ 'बनवला' लिहितो. लागणं आपोआप, काढणं खटपटीनं.

फिजिक्सवाली

लागला आणि काढला, मस्त. विहिरीचं पाणी लागतं आणि विहीर काढतात तसं.

केळीवाला रावेर

आमच्याकडे आता विहीर काढली तरी पाणी लागत नाही ताई.

तापीकाठचा

उशिरा आलो, माफ करा, परीक्षा चालू होत्या. नोट्स झाल्या. सेन्सर हाच शब्द ठेवला, संवेदक एकदाच पहिल्या पानावर, पुढे कुठल्या पुस्तकात दिसला तर घाबरू नये म्हणून. अचूक आणि काटेकोर रावेरच्या काट्यासकट घेतले, धुळ्याच्या मायक्रोमीटरची '-३'ची पट्टी पण काढून दाखवली.

पण शिकवताना सेन्सर समजावून सांगायला भलताच शब्द तोंडात आला, खबऱ्या. कंट्रोलर म्हणजे ठाण्यात बसलेला फौजदार, त्यानं स्वतः काही पाहिलेलं नाही, जे खबरे सांगतील तेच खरं. खबऱ्याही डोळ्यांनी चोर बघत नाही, घरासमोर नवीन बुलेट दिसली की अंदाज करतो, जसा पावसाचा सेन्सर प्रकाशावरून पावसाचा करतो. कोशात कोणी घेणार नाही हे माहितीये मला, पण परवा तीच उणे चाळीसवाली कार परत आली, मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरचा तोच पोरगा स्कॅनर बघून बाकीच्यांना सांगत होता, "खबऱ्या गया रे, फौजदारले वाटी ऱ्हायनं जळगावमा बरफ पडना."